आधी सोडायला शिका

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)



काही शब्द असे असतात की ते जे सांगतात, त्याच्या बरोबर उलटी वस्तू हातात येते. 'क्लिपलेस पेडल' हा त्यातलाच एक शब्द. क्लिपलेस म्हणजे क्लिप नसलेलं. ऐकणाऱ्याला वाटतं, यात पाय मोकळा राहत असणार. प्रत्यक्षात या पेडलात बूट खटकन अडकतो आणि मग तो वर उचलून निघत नाही, मागे ओढूनही निघत नाही. शब्दांच्या नादात आयुष्य घालवलेल्या माझ्यासारख्याला आधी या नावाचं कुतूहल वाटलं, पेडलाचं नंतर. वयाच्या चौपन्नाव्या वर्षी मी ही पेडलं वापरायला शिकलो. ते शिकणं नेमकं कसं असतं, त्यात माणूस काय शिकतो, हे आज तुम्हाला सांगायचं आहे.

आधी नावाचा उलगडा करू. शर्यतीत पाय पेडलावरून घसरू नये म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून पेडलाच्या पुढच्या बाजूला धातूचा एक छोटा पिंजरा बसवत असत. बुटाचं टोक त्यात घालायचं आणि वरून चामड्याचा पट्टा आवळायचा. या पिंजऱ्याला टो-क्लिप म्हणतात. थांबायचं झालं की चालत्या सायकलवर खाली वाकून हातानं पट्टा सैल करायचा आणि मग पाय मागे ओढून काढायचा. पिढ्यान्‌ पिढ्या शर्यतीतले स्वार असेच पाय बांधून सायकल मारत होते. पुढे नवं पेडल आलं, त्यात हा पिंजरा नव्हता, म्हणून ते क्लिपलेस. काय गेलं त्यावरून नाव पडलं. आपण तुम्हीआम्ही या माध्यमालाही एकेकाळी 'बिनतारी' म्हणत होतोच की!

हे नवं पेडल काही एका दिवसात आलं नाही. पाय वळवून अडकवायचं आणि सोडवायचं पेडल अमेरिकेत १८९५ साली चार्ल्स हॅन्सन यांनी काढलं होतं. १९७०च्या दशकात इटलीच्या चिनेली कंपनीनं बूट पेडलात पक्का बसवणारी रचना आणली. पण तिच्यातून सुटायला हातानं खटका सरकवावा लागे. पडायच्या क्षणी हात हँडलवर हवा की पायाशी? ती रचना फारशी रुजली नाही, यात नवल नाही.

खरं उत्तर सायकलवाल्यांना बर्फावरून मिळालं. बर्फावरून घसरण्याच्या स्कीइंग या खेळात बूट लांब पट्टीला घट्ट धरावा लागतो. पण खेळाडू पडला, पाय पिळवटला, की त्या पट्टीनं बूट आपोआप सोडला पाहिजे. नाहीतर नडगीचं हाड मोडतं. फ्रान्समधली लूक ही कंपनी असं धरून ठेवणारं आणि वेळेवर सोडणारं साधन बनवत असे. तेच तत्त्व तिनं १९८४ साली सायकलच्या पेडलात आणलं. पुढच्याच वर्षी, १९८५ साली, बेर्नार इनो यानं ती पेडलं लावून टूर द फ्रान्स जिंकली. ती त्याची पाचवी टूर. त्यानंतर काही वर्षांतच शर्यतींतून पिंजरे आणि पट्टे दिसेनासे झाले. मला या इतिहासातली एकच गोष्ट फार महत्त्वाची वाटते. या पेडलाचा जन्म झाला तो वेळेवर सोडता यावं म्हणून. घट्ट धरणं तर पट्ट्यालाही जमत होतं.

आता यंत्र कसं असतं ते सांगतो. बुटाच्या तळाला, चवड्याखाली, एक छोटी पट्टी स्क्रूनं बसवलेली असते. तिला क्लीट म्हणतात. पेडलात स्प्रिंगवर चालणारा जबडा असतो. क्लीटचं टोक पुढे सारायचं, चवडा खाली दाबायचा. 'खट्' असा आवाज येतो, पाय बसला. सुटायचं असेल तेव्हा टाच बाहेरच्या बाजूला वळवायची, दाराची मूठ फिरवावी तशी. पुन्हा 'खट्', पाय मोकळा. बस, एवढंच. वर उपसून काही होत नाही.

यात मुख्यतः दोन घराणी आहेत. शर्यतीच्या सायकलींना तीन स्क्रूंची मोठी, प्लॅस्टिकची क्लीट असते. ती तळव्याच्या बाहेर आलेली असल्यामुळे ते बूट घालून चहाच्या टपरीपर्यंत जाणं म्हणजे बदकानं फरशीवर चालणं. दुसरी दोन स्क्रूंची, लहान, धातूची. जपानच्या शिमानो कंपनीनं ती १९९० साली आणली. ती बुटाच्या तळव्यात खोल बसते, म्हणून माणसासारखं चालता येतं. आपल्या रस्त्यांवर उतरावं लागण्याचे प्रसंग किती येतात ते मी सांगायला नको. नवशिक्यानं दुसरी घ्यावी. त्यातही एक प्रकार असा मिळतो की घाबरून पाय तिरका वर ओढला तरी सुटतो. सुरुवातीला तो बरा.

मी ही पेडलं आणली तेव्हा घरात विरोध झाला. "इस उमर में पाँव बांद के क्या करते?" असा थेट प्रश्न आला. मिरजेत हाडांच्या डॉक्टरांना तोटा नाही, हे माझं उत्तर काही पसंत पडलं नाही. पण प्रश्न खोटा नव्हता. पन्नाशीनंतर हाड मोडलं तर ते तरुणासारखं जुळत नाही. मनगट, गळ्याचं हाड, खुबा, यातलं काहीही गेलं तर महिनोन्‌महिने माणूस दुसऱ्यावर अवलंबून. माझ्यासारखा माणूस घरात पडून राहिला तर घरातल्या बाईवर काय ओझं पडतं, हे तिला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. म्हणून मी तिला शब्द दिला की पाय आपसूक सुटायला लागेपर्यंत रस्त्यावर जाणार नाही.

शिकवणारी होती माझी मुलगी. ती पुण्यात नोकरी करते आणि लांब पल्ल्याची सायकल चालवते. सुट्टीला आली तेव्हा पान्यानं पेडलं तिनंच बसवली आणि पहिला धडा दिला : "अब्बा, पैले निकालना सीखो. लगाना आपेआप आता." आधी सोडायला शिका, अडकवणं आपोआप येतं.

लहानपणी मी तिला सायकल शिकवली होती. सीट धरून मागे पळायचं आणि तिला न सांगता हळूच सोडून द्यायचं, ही आपल्याकडची जुनी पद्धत. मी हे तिला म्हटलं, तर ती म्हणाली की या पेडलांत न सांगता सोडलेलं चालत नाही, इथं सोडायचं आधी ठरवावं लागतं.

तिनं सायकल भिंतीला लावली. एक हात भिंतीवर, मी सीटवर. पाय अडकवायचा, टाच फिरवायची, सोडवायचा. मोजून पन्नास वेळा डावा, पन्नास वेळा उजवा. पेडल सगळ्यांत खाली असताना पाय सहज सुटतो, वर असताना अडखळतो, हे तिथंच कळलं. पेडलात एक बारीक स्क्रू असतो, त्यानं स्प्रिंगचा ताण कमीजास्त करता येतो. तो तिनं अगदी सैल ठेवला. आमच्या मिरजेत सतारी बनवणाऱ्यांची गल्ली आहे. तिथं लहानपणापासून पाहत आलोय, नवी तार एकदम सुरापर्यंत ओढत नाहीत. थोडी ओढायची, बसू द्यायची, मग पुन्हा थोडी. इथंही तेच. पाय शिकला की मग ताण वाढवायचा.

पहिल्या दिवशी शंभर वेळा पाय सोडवून झाला, तेव्हा मला वाटलं, आलं! मुलगी म्हणाली, "तुम्हाला कळलंय, पायाला अजून कळलेलं नाही."

श्रोतेहो, हे वाक्य मी जपून ठेवलं आहे. त्याचं कारण सांगतो. माझ्या वयाच्या बहुतेकांनी सायकल तासाच्या भाड्यानं घेऊन शिकलेली आहे. मोठ्यांची सायकल, सीटपर्यंत पोचणं शक्य नाही. मग मधल्या दांड्याखालून एक पाय पलीकडे घालून अर्धं अर्धं पायडल मारत गल्लीभर जायचं. त्या सायकलींचे ब्रेक नावालाच असत. आपला खरा ब्रेक होता पाय. समोर म्हैस आली, टाक पाय. तोल गेला, टाक पाय. कुणी हाक मारली, टाक पाय. म्हणजे चाळीस-पंचेचाळीस वर्षं या पायाला आम्ही एकच शिकवण दिली होती : संकट आलं की सरळ खाली ये. आता त्याच पायाला सांगायचं की बाबा रे, आधी टाच बाहेर वळव, मग खाली ये. बुद्धीला हे सांगायला एक मिनिट लागतं. पायाला कित्येक दिवस लागतात, आणि त्याला फक्त पुन्हा पुन्हा करण्याची भाषा कळते.

लहानपणी वडिलांच्या शेजारी उभा राहून मी नमाज शिकलो. केव्हा वाकायचं, केव्हा कपाळ टेकायचं, हे अंगानं आधी शिकलं. अर्थ कितीतरी नंतर आला. तबल्याचा हात असाच बसतो, पोळी लाटणारा हातही. लहान मुलांना याचा कंटाळा येत नाही. मोठ्या माणसाची अडचण अशी की त्याला समजलं म्हणजे आलं असं वाटतं, आणि पन्नास वेळा तेच करणं त्याला कमीपणाचं वाटतं.

भिंतीनंतर शाळेचं मैदान. सकाळी फजरची नमाज झाली की आम्ही दोघं जायचो. तिनं एक खेळ काढला होता. मी मैदानाला फेऱ्या मारायच्या आणि ती मधूनच ओरडायची, "अब्बा, भैंस!", "अब्बा, रिक्शा!", "सिग्नल!" आवाज आला की आधी डावा पाय सोडवायचा, मग ब्रेक दाबायचा. हा क्रम फार महत्त्वाचा. थांबून मग पाय सोडवतो म्हणणारा पडणारच, कारण थांबलेली सायकल कुणाची वाट पाहत नाही.

डावाच पाय का, तेही सांगतो. आपण रस्त्याच्या डावीकडून चालतो. डावा पाय टेकला तर आपण कडेच्या बाजूला कलतो. उजवा टेकला तर मागून येणाऱ्या ट्रककडे. शिवाय साखळी आणि दातेरी चक्र उजवीकडे असतं, पोटरीला लागतं. मात्र पाय सुटल्यावर शरीराचं वजनही डावीकडे द्यायला हवं. सुटलेला पाय डावीकडे आणि तोल गेला उजवीकडे, अशी गाठ पडली की मग कुणाच्या बापाला सावरता येत नाही. थांबायच्या आधी गियर हलका करून ठेवावा, म्हणजे पुन्हा निघताना पहिल्याच पायडलाला सायकल पुढे जाते आणि दुसरा पाय सावकाश अडकवता येतो. तो अडकवताना खाली बघू नये. अंधारात घरातला दिव्याचा खटका हाताला सापडतो ना, तसा पायाला पेडल सापडतं.

या पेडलांवर पहिल्या काही दिवसांत बहुतेक सगळेच एकदोनदा पडतात, आणि वेगात नव्हे, उभ्या उभ्या. चालत्या सायकलवरून पडताना सायकल आणि पाय वेगवेगळ्या दिशांना पिळवटतात, त्यामुळे बूट बऱ्याचदा आपोआप सुटतो. थांबलेल्या सायकलवरून मात्र माणूस अडकलेल्या पायासकट, कापलेल्या झाडासारखा, सावकाश आडवा होतो. माझ्या वाट्याचं पडणं मैदानाच्या गवतावर झालं. फिरायला आलेले एक गृहस्थ धावत आले आणि त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "शुगर आहे का?" त्यांचं बरोबरच होतं. भल्या सकाळी पन्नाशीचा माणूस उभ्या सायकलवरून कारणाशिवाय आडवा होतो, याचा दुसरा अर्थ काय लावणार?

पडताना एक गोष्ट लक्षात ठेवायची. हात लांब करून जमिनीवर टेकवायचा नाही. मनगट आणि गळ्याचं हाड मोडतं ते त्या टेकवलेल्या हातामुळे. हँडल सोडू नये, कोपरं अंगाशी घ्यावीत आणि दंड व मांडीच्या मांसल भागावर पडावं. डोक्यावर हेल्मेट आणि हातात मोजे मैदानावरही हवेत. पडण्याचा धडा पडण्याच्या आधी घोकून ठेवावा लागतो, हेही सोडण्यासारखंच आहे.

क्लीट बसवण्याबद्दल थोडं सांगितलं पाहिजे, कारण तिथं गुडघ्याचा प्रश्न येतो. अडकलेला पाय प्रत्येक फेऱ्याला त्याच कोनात फिरतो. मिनिटाला ऐंशी फेरे धरले, तर तासाला चार हजार आठशे. कोन थोडासा चुकीचा असला तरी गुडघा हिशेब मागतो. प्रत्येकाची चाल वेगळी, कुणाचे पाय बाहेर वळलेले, कुणाचे आत. म्हणून बहुतेक क्लीट पायाला थोडं इकडेतिकडे हलू देतात आणि तरीही सुटू देत नाहीत. हे किती, ते क्लीटच्या रंगावरून कळतं. लूकमध्ये काळी म्हणजे शून्य अंश, राखाडी साडेचार, लाल नऊ. शिमानोच्या तीन स्क्रूंच्या क्लीटमध्ये लाल शून्य, निळी दोन, पिवळी सहा. म्हणजे लाल रंग एका घरात सगळ्यांत मोकळा, तर दुसऱ्या घरात सगळ्यांत कडक! विकत घेताना नीट बघून घ्यावं. नवशिक्यानं मोकळी घ्यावी.

कवीला हे ऐकून हसू येतं. कवितेच्या ओळीलाही आपण चरणच म्हणतो, आणि वृत्तातल्या चरणालाही अशी सवलत आहेच : ओळीच्या शेवटचं लघु अक्षर गुरू मानता येतं. ज्यांनी वृत्तं केली त्यांना गळ्याची आणि गुडघ्याची दोन्हीची काळजी होती असं म्हणायला हवं.

आता एक गैरसमज. या पेडलांचे भक्त सांगतात की पाय खाली दाबताना ताकद लागतेच, आता वर ओढतानाही लागणार, म्हणजे जोर दुप्पट. पेडलांवर पडणारा दाब यंत्रानं मोजून पाहिला तेव्हा चित्र वेगळं दिसलं. कसलेले स्वारसुद्धा बहुतेक जोर खाली दाबतानाच लावतात. मागचा पाय स्वतःचं ओझं थोडं हलकं करतो, इतकंच. नेहमीच्या चालीत मुद्दाम वर ओढत राहिलं तर दमच जास्त लागतो. मग फायदा काय? फायदा असा की पाय घसरत नाही. पावसात, खड्ड्यात, उभं राहून चढ चढताना, भराभर पायडल मारताना पाय जिथं असायला हवा तिथंच राहतो, त्याला तिथं ठेवायचे कष्ट पडत नाहीत. दंडोबाच्या डोंगराच्या चढावर मला हा फरक जाणवला.

म्हणूनच सगळ्यांनी ही पेडलं लावावीत असं मी म्हणणार नाही. बाजारात जाणाऱ्याला, दूध घालणाऱ्याला, पाव विकणाऱ्याला, दर दोन मिनिटांनी पाय टेकणाऱ्याला साधं रुंद पेडलच योग्य. लांब पल्ला ज्यांना खुणावतो, त्यांची गोष्ट वेगळी. २०१५ साली नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी 'रेस अ‍ॅक्रॉस अमेरिका' ही सुमारे चार हजार आठशे किलोमीटरची शर्यत दोघांच्या संघानं पूर्ण केली. महाराष्ट्रातल्या कितीतरी साध्या, नोकरी-धंदा सांभाळणाऱ्या माणसांना अशा बातम्यांनी सायकलवर बसवलं. ब्रेव्हे नावाचा एक प्रकार आहे. त्यात कुणाला हरवायचं नसतं, ठरलेलं अंतर ठरलेल्या वेळात पुरं करायचं : दोनशे किलोमीटर साडेतेरा तासांत, तीनशे वीस तासांत, सहाशे चाळीस तासांत. मुलीबरोबर दोनशेची ब्रेव्हे करायची, एवढं माझं मागणं आहे. तिच्या पुढे नको, बरोबर.

या वयात आपल्याला सगळे विचारायला येतात. घरात सल्ला विचारतात, सभेत दोन शब्द बोलायला सांगतात. हळूहळू माणसाला वाटू लागतं की आपलं शिकणं संपलं, आता आपण सांगायचं आणि बाकीच्यांनी ऐकायचं. अशा वेळी लेकीच्या आवाजासरशी टाच फिरवत मैदानाला चकरा मारणं हे औषधासारखं काम करतं. पाय एकदा शिकला की मान ताठ होण्याची भीती थोडी कमी होते.

तुमच्यापैकी कुणाला शिकायचं असेल तर थोडक्यात सांगतो. स्प्रिंग सैल ठेवा. भिंतीपाशी शंभर वेळा करा, मग गवतावर करा. दुसऱ्या कुणाला तरी 'म्हैस' म्हणून ओरडायला सांगा. रस्त्यावर गेल्यावर गर्दीच्या चौकाच्या पन्नास पावलं आधी डावा पाय मोकळा करा. सिग्नल हिरवा राहिला तर पुन्हा अडकवायला एक क्षण लागतो. उगीच सोडवला म्हणून आजवर कुणी पडलेलं नाही. क्लीट झिजते, तिचे स्क्रू ढिले होतात आणि पावसाळ्यात जबड्यात चिखल बसतो, तेवढं दर आठवड्याला बघत जा. आणि घरच्यांनी 'या वयात कशाला' असं विचारलं, तर त्यांना आधी भिंतीपाशी नेऊन पाय सुटतो कसा ते दाखवा.